उपाशीपोटी सावरधरा

माझ्या गावाचं नाव सावरधरा. सकाळचे सहा वाजलेत, पोटात अजून अन्नाचा कण नाही, आणि मी हे नाव लिहिलंय. परत लिहिते. सावरधरा. आता काय व्हायचं ते होऊ द्या.

आमच्या पट्ट्याबाहेरच्या माणसाला यात काय मोठं, असं वाटेल, म्हणून सांगते. पुसदपासून खाली ढाणकीपर्यंत कुठेही जा, सकाळी जेवायच्या आधी आमच्या गावाचं नाव कोणी घेत नाही. घेतलं की त्या दिवशी अन्न मिळत नाही, अशी समजूत आहे. जेवण झाल्यावर खुशाल घ्या, दिवसभर घ्या, त्याला हरकत नाही. सकाळी घ्यायची वेळ आलीच तर 'गोडगाव' म्हणायचं. 'गोडगावचे पाव्हणे आले', 'गोडगावची मोटार गेली का?' चहा अन्नात धरायचा की नाही, यावर आमच्याकडे शहाणीसुरती माणसं वाद घालतात. नुसता चहा चालत नाही, पण चहात टोस्ट बुडवून खाल्ला तर चालतं, असं बहुतेकांचं मत आहे. हसू नका. मी या मतांमध्ये वाढले आहे.

असं का, हे मी भेटेल त्या म्हाताऱ्याला विचारलंय. एक म्हणाला, गावानं एका गोसाव्याला उपाशी घालवलं होतं. दुसरा म्हणाला, पंगतीत भांडण होऊन वऱ्हाड भरल्या ताटावरून उठलं होतं. तिसऱ्याच्या गोष्टीत कोण्या इंग्रज साहेबाचा घोडा होता, आणि तो घोडा आमच्या गावात काय खाऊन मेला हे त्यालाही धड माहीत नव्हतं. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण शेवटी सगळे एकाच जागी येऊन थांबायचे, "म्हणून नाव घेऊ नाई, बाई." आणि सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे हा नियम आम्ही स्वतःही पाळायचो. आमच्याच गावात, आमच्याच घरात, सकाळी आमच्याच गावाचं नाव निघत नसे.

पाचवीत मी शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत गेले. पहिल्या दिवशी गुरुजींनी गाव विचारलं आणि मी सांगून टाकलं. वेळ सकाळची. गुरुजींचा चेहरा पडला. दुपारच्या सुट्टीत त्यांचा डबा खिडकीत होता, एका कुत्र्यानं तो खाली पाडला आणि भाजी-पोळी घेऊन पळालं. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर माझ्याकडे बोट दाखवलं. "पाहा," एवढंच म्हणाले. कुत्र्याला कोणी काही बोललं नाही. त्या दिवसापासून वर्गात मला 'गोडगाव' हे नाव पडलं, ते दहावीपर्यंत. मी रडले नाही. एका पोरीच्या वेणीला धरून तिला बाकावरून खाली ओढलं, आणि त्यासाठी मार खाल्ला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

पुढे मी एसटीत कंडक्टर झाले. लग्न होऊन पुसदला आले तरी ड्युटी बहुतेक वेळा आमच्याच रस्त्यावर. सकाळी साडेसहाची पहिली गाडी माझी. माणसं चढायची आणि तिकिटासाठी म्हणायची, "गोडगाव एक." मी म्हणायची, "अशा नावाचा थांबा माझ्या मशीनमध्ये नाही." मग "ते पुढचं हो, घाटाखालचं." मी तशीच उभी. "नाव घ्या, तिकीट घ्या." गाडीत हशा व्हायचा, कोणी चिडायचं, कोणी तक्रार करीन म्हणायचं. एक गुळाचा व्यापारी दर सोमवारी आमच्या पुढच्या गावाचं तिकीट काढायचा आणि आमच्या गावात उतरायचा, पण नाव घ्यायचा नाही. ड्रायव्हर मला म्हणायचा, "ताई, कायले सकाळी सकाळी लोकायच्या मागं लागता?" लागायची. माझा स्वभाव आहे.

आणि मग रेल्वे आली.

नवी लाइन आमच्या डोंगरातून जाणार, हे बरीच वर्षं नुसतं ऐकत होतो. मग एका हिवाळ्यात मोठी यंत्रं आली, सुरुंग लागायला लागले, डोंगराला आरपार बोगदा पडला. बोगद्याचं तोंड उघडतं तिथेच, जमीन खोल कापून, स्टेशन बांधलं. रस्त्यावरून ते दिसतच नाही. कठड्याशी जाऊन वाकून पाहावं लागतं, आणि पायऱ्या उतरत गेलं की खाली फलाट. विहिरीत उतरल्यासारखं वाटतं. गावात त्याला सगळे 'खालचं ठेसन' म्हणतात. जमीन सगळी आमच्या शिवारातली गेली. आमच्या घरची तुरीची पट्टी त्यातच गेली.

काम संपत आलं तेव्हा एका सकाळी माझी गाडी घाट उतरत होती आणि ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुमच्या ठेसनाचा बोर्ड लागला." मी गाडी थांबवायला लावली. नियमात बसत नाही, पण लावली. प्रवाशांना दोन मिनिटं म्हणाले आणि कठड्याशी गेले. खाली पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, तिन्ही वेळा लिहिलं होतं, गोडगाव.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पायऱ्या उतरून मी खाली गेले. तिथे एक तरुण इंजिनिअर होता, बाहेरगावचा, बोलायला नम्र. त्याला विचारलं, हे नाव कोणी दिलं? तो म्हणाला, "मॅडम, बोर्ड कच्चा आहे, अजून मंजुरी यायची आहे. पण सर्व्हेच्या वेळी गावातल्या लोकांनीच हे नाव सांगितलं." मी म्हटलं, कोणत्या लोकांनी? त्याने ऑफिसातून जुनी नोंदवही आणली. त्यात लिहिलं होतं, की अमुक गटाजवळ तुरीच्या शेतात एका वृद्ध महिलेने पाणी दिले व गावाचे नाव गोडगाव असे सांगितले. पुढच्या पानावर आणखी दोघांनी तेच सांगितल्याची नोंद. सर्व्हेवाले ऊन तापायच्या आत काम उरकायचे. रोज सकाळीच यायचे.

तुरीचं शेत आमचं होतं. वृद्ध महिला म्हणजे माझी माय.

ड्युटी संपवून मी तशीच खाकी कपड्यांत गावी गेले. माझी माय भावाकडे राहते. ऐंशीच्या घरात आहे, पण दात शाबूत आणि कान माझ्यापेक्षा तिखट. ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

मी म्हटलं, "माय, रेल्वेच्या साहेबाले गावाचं नाव तू सांगतलं का?"

"सांगतलं. पाणीही देल्लं. चांगला मानूस होता."

"काय सांगतलं?"

तिने मान वर केली. तिला सगळं समजलं होतं. "सकाळ होती," ती म्हणाली.

"सकाळ होती म्हणून गावाचं नाव बदलते काय?"

"माह्या तोंडातून निघालंच नाई, बाई. मी कराव काय?"

मी खूप बोलले तिला. नको तेवढं बोलले. ती शेंगा फोडत राहिली. माझी वहिनी दारातून ऐकत होती, तिने मला हाताला धरून आत नेलं आणि पाणी दिलं.

मला वाटलं होतं, गाव पेटून उठेल. दुसऱ्या दिवशी सरपंचाकडे गेले तर तो खुर्ची पुढे करत हसला. हा माझ्याच वर्गातला, माझ्यासोबत त्याच शाळेत पायी जायचा. म्हणाला, "ताई, बरंच झालं न. आपल्या हातानं तर कधी जमलं नसतं. आता सरकारी बोर्डावरच गोडगाव आलं, ग्रामपंचायतीचा ठराव देला का पक्कं होते. जुनं नाव जाते, त्याच्यासंगं भोगही जाते."

मी म्हटलं, "भोग कायचा?"

तेव्हा तो हसायचा थांबला. "तुम्ही पुसदले राहता. इथं माह्या पोराले दोन ठिकाणी पोरगी देऊन राह्यले होते, गाव आयकलं का मांगं सरकले. म्हणे, सोयरीक सांगाची त सकाळी कशी सांगाव? माह्या दुकानाची पाटी मी आजलोक लावली नाई, काहून का पाटीवर गाव लिहा लागते. तुम्हाले नावाची हौस हाय. आम्हाले इथं राहाचं हाय."

हे त्याचं बोलणं मला लागलं. खोटं नव्हतं ते. गावात निम्म्याहून जास्त माणसं त्याच्यासारखीच होती, आणि ती वाईट नव्हती, वैतागलेली होती. पण मी त्याला म्हटलं, "भाऊ, चोरासारखं नाव बदलून पळायचं, तर चोरी कोणती केली ते तरी सांग." तो म्हणाला, ग्रामसभेत पाहू.

ग्रामसभा त्याने ठेवली सकाळी आठला. लबाडी माझ्या लगेच ध्यानात आली. ठराव दोन, गोडगाव की जुनं नाव, आणि ज्याला जे पाहिजे ते त्याने उभं राहून तोंडाने सांगायचं, ग्रामसेवक लिहून घेणार. सकाळी आठला, अर्धं गाव अजून जेवायचं असताना, जुनं नाव तोंडाने कोण सांगणार?

बौद्ध वस्तीतले एक बाबा, रिटायर झालेले मास्तर, त्या आठवड्यात माझ्यासोबत घरोघर फिरले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "आमच्या मानसायनं जुनं सोडलं, नवं घेतलं, ते आपल्या मनानं. ताठ मानेनं. हे त दुसऱ्यायनं भीतीपोटी ठेवलेलं नाव हाय. ते आपून कायले ल्यावं?" हे लोकांना पटायचं. बायका जास्त ऐकायच्या, कारण सोयरिकीच्या वेळी गावाच्या नावावरून कुचेष्टा झाली होती ती त्यांचीच.

मग वहिनीनं उपाय काढला. सोपा होता. म्हणाली, "आठले सभा हाय न? आपल्या बाजूच्या सगळ्यायले सांगू, सातलेच दोन घास खाऊन या. भाकर मी टाकतो सगळ्यायसाठी. पोट भरलं का नाव घ्याले कोणाची हरकत?"

बाबांना ते आवडलं. सगळ्यांना आवडलं. मी नाही म्हटलं.

वहिनी माझ्याकडे पाहत राहिली. "तुम्हाले जिंकाचं हाय का भांडाचं हाय?"

"दोन्ही," मी म्हटलं. "खाऊन नाव घेतलं म्हणजे आपणच कबूल केलं, का हे नाव वाईट आहे. मग कायले पाहिजे ते बोर्डावर? पहिली गाडी पहाटे येणार. तिकिटाच्या खिडकीशी माणूस काय आधी भाकर खाईल? जे नाव सकाळी घेता येत नाही ते ठेसनाले देऊच नका. अन् देणार असाल तर उपाशी द्या."

मी घरोघर परत फिरले आणि सांगितलं, जेवून येऊ नका. काही जणांनी हो म्हटलं, काहींनी दार लावलं. वहिनी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

सभेला शाळेचं अंगण भरलं. सरपंचाने ठराव वाचला. गोडगाववाले भराभर उभे राहिले, ग्रामसेवकाची लेखणी थांबेना. मग त्याने विचारलं, जुन्या नावाच्या बाजूने कोण?

मी उभी राहिले. सरपंच शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं नाव पुसदच्या मतदार यादीत हाय. इथल्या ठरावात तुम्हाले बोलता येत नाई."

खरं होतं. मी कायद्याने गावची नव्हते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस घरोघर फिरले, लोकांना उपाशी आणून बसवलं, आणि तोंड उघडायचा हक्क मला नाही. मी खाली बसले. अंगणात कोणी हलेना. बाबांकडे पाहिलं, तर ते उठायच्या तयारीत होते, पण त्यांच्या सुनेनं त्यांच्या धोतराचा सोगा धरून ठेवला होता. कोणी खाली पाहत होतं, कोणी दुसऱ्याकडे. खरं सांगते, त्या वेळी वहिनीच्या भाकरी मला आठवल्या आणि वाटलं, मी मूर्ख आहे. माझ्या हट्टानं मी गावाचं नाव घालवलं.

ग्रामसेवक म्हणाला, "कोणीच नाही का?"

बायकांच्या रांगेतून माय उठली. एका हाताने वहिनीच्या खांद्याचा आधार घेतला. सगळं अंगण तिच्याकडे वळलं.

"साहेबाले चुकीचं मी सांगतलं होतं," ती म्हणाली. "तवाही सकाळ होती. आताही सकाळ हाय. मी जेवली नाई. गाव सावरधरा हाय. लिहा."

माझ्या उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून सकाळी हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मागून एक म्हातारा पुटपुटला, "आज म्हातारीले अन्न भेटते का पाहा." ते तिने ऐकलं. कान तिखट आहेत सांगितलंच. ती बसली नाही. वहिनी तिच्या शेजारी उभी राहिली, म्हणाली, "सावरधरा. मीही उपाशी हाय." मग बाबा सुनेचा हात सोडवून उठले. मग त्यांची सूनच उठली. त्यानंतर मात्र कोण कोणाआधी उठलं ते मी पाहू शकले नाही, कारण मला रडू फुटलं होतं आणि पदराने मी डोळे पुसत होते. सरपंचाचा पोरगा उठला तेव्हा मात्र मी पाहिलं. त्याने बापाकडे पाहायचं टाळून नाव सांगितलं.

जुनं नाव थोडक्यात जिंकलं. सरपंचाने सही केली, माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तो आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतो. ठराव वर गेला, तिथून कुठे कुठे फिरला, आणि पक्का बोर्ड लागला त्यावर आमचं नाव आहे. ज्याला बघायचं असेल त्याने पायऱ्या उतरून बघावं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवशी दुपारचं. सभेहून आम्ही घरी आलो तर आमच्या गल्लीत माणसं रेंगाळत होती. कोणी बैल पाहतंय, कोणी कुणाची वाट पाहतंय असं दाखवत होतं. पण आले होते ते म्हातारीला अन्न मिळतं का ते पाहायला. आणि खोटं कशाला बोलू, मलाही भीती वाटत होती. ऐंशीचं वय. ठेच लागली, भोवळ आली, ताटावर बसताना घास अडकला, तर सगळं गाव म्हणेल, पाहा. गुरुजी म्हणाले होते तसंच. मी दार लोटून घेतलं आणि वहिनीला म्हटलं, आत चुलीजवळच वाढ.

"आत नाई," माय म्हणाली. "ओट्यावर वाढ."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मायने स्वतःच दार उघडलं, ओट्यावर पाट मांडला आणि सगळ्या गल्लीकडे तोंड करून बसली. वहिनीने ताट आणलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, ठेचा. मी शेजारी बसले. ती भाकर मोडत हळू आवाजात बोलायला लागली, माझ्यापुरतंच.

"मी बोरी अरबची. आमच्या ठेसनावर छोटी गाडी ये, अन् पाटीवर आमच्या गावाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं राहे. म्या तिथं अक्षरं जुळवून वाचाले शिकली. या गावात लगन होऊन आली, पहिल्याच सकाळी तुह्या आजीले इचारलं, आत्याबाई, सावरधऱ्याले ठेसन नाई काय? बस. त्या दिवशी मले कोणी जेवाले वाढलं नाई. सगळे जेवले, माह्यासमोर जेवले. संध्याकाळी तुही आजी म्हणे, पाहा, नाव घेतलं न सकाळी, भेटलं काय अन्न?"

तिने वरणात भाकर कालवली.

"अन्न होतं न बाई. भाकरी टोपलीत होत्या. म्या पाहून राह्यली होती. मले कोणी देल्ली नाई."

गल्लीतली माणसं अजून तिथेच होती. माय एकेक घास घेत राहिली, सावकाश, चावून चावून, सगळ्यांना दिसेल असा हात वर करून. ताट पुसून झालं तेव्हा तिने ते तसंच वहिनीपुढे केलं आणि मोठ्यानं, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "अजून एक वाढ."